कानउघाडणीचा अधिकार कोणाचा?

1204 साली फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप नॉर्मंडी घ्यायला निघाला. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या जॉन राजाकडे होती, आणि फ्रान्समधल्या मुलखापुरता जॉन हा फिलिपचा मांडलिक होता. म्हणजे तंटा धनी आणि मांडलिक यांच्यातला, जहागिरीचा. त्यात पोपने पडायचे काय कारण, असा प्रश्न कोणालाही पडला असता. पोप तिसरा इनोसंट तरीही पडला. फ्रान्सच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्याने आधीच कबूल केले की जहागिरीचा निवाडा आपल्याला करायचा नाही; आपल्याला बोलायचे आहे ते पापाबद्दल, आणि पापाबद्दल बोलण्याचा आपला अधिकार कोणी नाकारू शकत नाही. आधार काय, तर जॉनची तक्रार. फिलिप आपला अपराध करतो आहे, आपण त्याला समजावून पाहिले, त्याने ऐकले नाही, म्हणून आता ख्रिस्तसभेच्या कानावर घालतो आहोत, असे जॉनचे म्हणणे होते. फिलिपने पत्राला भीक घातली नाही; जूनमध्ये रुआँ त्याच्या हाती पडले. पत्र मात्र नवव्या ग्रेगरीने 1234 साली प्रसिद्ध केलेल्या कायदेसंग्रहात दाखल झाले आणि चर्चचे कायदेपंडित पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा कीस पाडत राहिले.

जॉनच्या तक्रारीचा साचा मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अठराव्या अध्यायातला आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून त्याची चूक दाखवावी. त्याने ऐकले तर भाऊ परत मिळाला. नाही ऐकले तर आणखी एकदोघांना सोबत न्यावे. त्यांचेही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, आणि मंडळीलाही तो जुमानत नसेल तर त्याला परक्यासारखा, जकातदारासारखा समजावे. एवढ्या चार वाक्यांतून युरोपात दोन निरनिराळ्या गोष्टी उभ्या राहिल्या. एक कानउघाडणी: कोणाही ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याची प्रेमापोटी, शक्यतो एकांतात केलेली. दुसरी शिस्त: बिशपांची न्यायालये, साक्षीपुरावे, प्रायश्चित्त, दंड, बहिष्कार. पहिलीला पद लागत नाही. दुसरीला पदाशिवाय हात घालता येत नाही. आणि मत्तयाच्या त्या वचनात माणूस एकांतातल्या बोलण्यापासून वाळीत टाकण्यापर्यंत कसा जाऊन पोचतो, वाटेत भाऊ कुठे संपतो आणि न्यायाधीश कुठे सुरू होतो, याची खूण कुठेच नाही. ती खूण शोधण्यात तेराव्या ते पंधराव्या शतकांतल्या धर्मपंडितांनी आपली उत्तम बुद्धी खर्ची घातली. या पुस्तकाचा विषय तो शोध आहे.

मला या सगळ्या वादात एक प्रश्न कळीचा वाटतो. ज्याची चूक काढली जाते त्याला ती चूक पटवून देणे चूक काढणाऱ्यावर बंधनकारक आहे का, की पद मोठे असले म्हणजे नुसते सांगणे पुरते? मध्ययुगातल्या लोकांना हा प्रश्न सुचला नव्हता, असा आपला एक सोयीचा समज असतो. तो त्यांना सुचला होता, त्यांनी त्यावर शेकडो पाने लिहिली, आणि उत्तराच्या पायी काही जणांनी देश सोडला, काहींनी जीव गमावला.

सुरुवात मठांतून करावी लागते, कारण शिस्त आणि माया यांची सांगड रोजच्या जगण्यात घालून पाहण्याचा सर्वांत जुना प्रयोग तिथला. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत उद्धट किंवा कुरबुऱ्या भिक्षूला ज्येष्ठांनी एकदा, दोनदा खाजगीत समजावायचे, मग सर्वांदेखत, आणि त्यानंतर बहिष्कार. किरकोळ अपराधाचा बहिष्कार म्हणजे पंगतीतून उठवणे: इतरांचे जेवण झाल्यावर काही तासांनी त्याने एकट्याने जेवायचे, प्रार्थनामंदिरात स्तोत्र उचलायचे नाही. पण याच नियमावलीत मठाध्यक्षाला आणखी एक काम सांगितले आहे. त्याने काही पोक्त, समजूतदार भिक्षूंना त्या बहिष्कृताकडे गुपचूप पाठवायचे, दुःखाने तो खचून जाऊ नये म्हणून. शिक्षाही मठाध्यक्षानेच करायची आणि चोरपावलांनी दिलासाही त्यानेच धाडायचा. पुढे सिस्टर्शियन मठांच्या सभेत भिक्षू एकमेकांचे दोष उघड सांगत. ज्याचा दोष सांगितला गेला त्याने त्याच बैठकीत सांगणाऱ्यावर उलट आरोप करायचा नाही, असा दंडक होता. माणसाच्या स्वभावाची केवढी जाण त्या एका नियमात आहे!

थॉमस अक्वायनस हा डॉमिनिकन संघाचा, म्हणजे अशा सभांत वाढलेला. त्याच्या सुम्मा थिऑलॉजिएच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात तेहतिसावा प्रश्न कानउघाडणीला दिलेला आहे, आठ उपप्रश्नांचा. त्याच्या आधीचा प्रश्न दानधर्माचा आहे, आणि ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. भुकेल्याला अन्न देणे हे जसे दान, तसे चुकणाऱ्याला चूक दाखवणे हे आत्मिक दान, असे थॉमस मानतो. म्हणून ते न्यायाच्या खात्यात जात नाही, प्रेमाच्या खात्यात जाते, आणि म्हणून ते सर्वांना लागू होते. न्याय करण्याचा अधिकार थोड्यांना असतो; प्रेम करण्याची आज्ञा सगळ्यांना आहे.

यातून निघणारे निष्कर्ष तो एकेक करून मांडतो, आणि ते वाचताना त्याचा समतोल जाणवतो. कानउघाडणी कर्तव्य आहे, पण प्रत्येक वेळी, प्रत्येक ठिकाणी नाही. लोकांच्या चुका हुडकत फिरणे हे कर्तव्यात बसत नाही. तसे करणारा माणूस दुसऱ्यांच्या आयुष्यावर पाळत ठेवणारा हेर होतो. गप्प बसणे कधी पुण्याचे असते: समोरचा आत्ता बिथरेल, योग्य वेळ येऊ दे, म्हणून कोणी थांबला तर. तेच गप्प बसणे, लोक काय म्हणतील किंवा आपले नुकसान होईल या भीतीने आणि भावाच्या भल्यावर पाणी सोडून केलेले असेल, तर महापाप होऊ शकते. स्वतः पापी असलेल्यानेही दुसऱ्याला सांगावे, फक्त नम्रपणे सांगावे. सहाव्या उपप्रश्नात तो दोन प्रकारच्या सुधारणांमधली रेघ स्पष्ट ओढतो. अधिकाऱ्याने केलेली सुधारणा सगळ्यांच्या हितासाठी असते. गुन्हेगार चिडला म्हणून ती थांबवता येत नाही, तिच्यात सक्ती असते. भावाने केलेली कानउघाडणी त्या भावाच्याच हितासाठी असते. बोलण्याने तो अधिक बिघडणार असेल तर बोलू नये, कारण ज्यासाठी बोलायचे तेच हातचे जाणार.

चौथ्या उपप्रश्नात सुरुंगाची दारू आहे. हाताखालच्याने वरिष्ठाला सुधारावे का? थॉमसचे उत्तर: हो. सक्तीची सुधारणा त्याला करता येणार नाही, पण प्रेमाची कानउघाडणी त्याचे कर्तव्य आहे, आणि ती आदराने, सौम्यपणे, शक्यतो खाजगीत करावी. मात्र श्रद्धेलाच धोका असेल तर ती चारचौघांतही करावी. दाखला बायबलमधला: अंत्युखियात परजातीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीतून पेत्र मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर, तोंडावर दोष दिला. या प्रसंगावर पूर्वी जेरोम आणि ऑगस्टीन यांच्यात पत्रापत्री झाली होती. दोन प्रेषितांनी ते नाटक ठरवून केले, असे जेरोमला वाटे. पेत्र खरोखर चुकला आणि पौल खरोखर बोलला, यावर ऑगस्टीन ठाम होता. थॉमस ऑगस्टीनच्या बाजूचा. पेत्र म्हणजे पहिला पोप, हे लक्षात घेतले की या दाखल्याचे वजन कळते.

ही झाली विद्यापीठातली बाजू. गावात काय दिसत होते? 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक वयात आलेल्या ख्रिस्ती व्यक्तीवर वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचे बंधन घातले, आणि त्याच परिषदेने लोकांत बोभाटा झालेल्या गुन्ह्यांची अधिकाऱ्याने आपणहून चौकशी करण्याची पद्धतही पक्की केली. शिस्तीची यंत्रणा त्यानंतर फोफावली. इंग्लंडमध्ये आर्चडीकनच्या न्यायालयात व्यभिचार, शपथमोड, सणावारी केलेले काम असल्या बाबी येत; शिक्षा म्हणून दोषी माणूस अंगात नुसता सदरा, पायांत काही नाही, हातात मेणबत्ती अशा अवस्थेत रविवारी सर्वांसमोर चर्चला फेरी घाली. पैसे भरून ही नामुष्की टाळता येई, आणि चॉसरने आपल्या समन्स बजावणाऱ्याला इतका ओंगळ का रंगवला हे त्यावरून समजते. चाळीस दिवस बहिष्कारात राहूनही जो वठणीवर येत नसे त्याच्याबद्दल बिशप राजाकडे लिही आणि शेरीफ त्याला धरून नेई. फ्रान्समध्ये आणि जर्मन मुलखांत तर सावकार आपल्या ऋणकोला चर्चच्या न्यायालयातून बहिष्कृत करवत. भाऊ परत मिळावा म्हणून सांगितलेला शेवटचा उपाय कर्जवसुलीचे हत्यार झाला. धर्मपंडितांना हे डाचत होते.

या पार्श्वभूमीवर ऑकमच्या विल्यमकडे वळू. या पुस्तकात त्याला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे आणि ती त्याला मिळायला हवी. हा इंग्रज फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ आपल्या शिकवणीच्या चौकशीसाठी 1324 साली आविन्योंला, पोपच्या दरबारी आला. त्या वेळी पोप बाविसावा जॉन आणि फ्रान्सिस्कन संघ यांच्यात दारिद्र्याचा वाद पेटला होता: येशू आणि त्याच्या प्रेषितांची मालकी कशावर होती का? कशावरच नव्हती असे हट्टाने म्हणणे पाखंड आहे, असे पोपने 1323 साली जाहीर केले होते. ऑकमने नंतर लिहिले आहे की जवळजवळ चार वर्षे आविन्योंत राहूनही त्याने पोपची ती फर्माने वाचली नव्हती, कारण एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस पाखंड लिहील हे त्याला सहजी मानायचे नव्हते. मग वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्याने ती वाचली, आणि त्याची खात्री पटली की पोप चुकतो आहे. 1328 च्या मे महिन्यात संघप्रमुख चेझेनाचा मिकेले आणि आणखी काही जणांबरोबर तो रात्री निसटला, बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला गेला आणि उरलेले आयुष्य म्युनिकमध्ये पोपविरुद्ध लिहीत राहिला.

त्याचा डायलोगस हा ग्रंथ एक शिष्य आणि एक गुरू यांच्यातला संवाद आहे. शिष्य विचारतो, गुरू निरनिराळ्या पंडितांची मते मांडतो आणि आपले मत कोणते ते सांगत नाही, म्हणजे वाचणाऱ्याने नावाकडे न पाहता युक्तिवादाकडे पाहावे. पहिल्या भागाच्या चौथ्या पुस्तकात पाखंडी कोणाला म्हणावे याची चर्चा आहे. नुसते चुकणारा पाखंडी नसतो. चूक दाखवल्यावरही हट्टाने तिला धरून बसणारा पाखंडी असतो, हे सर्वमान्य होते. मग चूक ‘दाखवली’ असे केव्हा म्हणायचे? एक मत असे की अधिकार असलेल्या बिशपाने चूक आहे असे सांगितले की झाले. दुसरे मत, ज्याच्या बाजूने ग्रंथाचे सगळे वजन पडते, ते असे: चुकणाऱ्याला त्याचे म्हणणे सत्य श्रद्धेशी विसंगत आहे हे इतके उघड करून दाखवले पाहिजे की जाणत्यांच्या मते त्याला कोणत्याही पळवाटेने ते नाकारता येऊ नये. तसे दाखवले नसेल तर आपल्या बिशपाने कितीही वेळा सुनावले तरी मत मागे घ्यायला तो बांधलेला नाही. आणि तसे दाखवले असेल तर दाखवणारा साधा भिक्षू असो, गृहस्थ असो, समोर पोप असला तरी पोपला ते मानावे लागेल.

मध्ययुगीन विचारात मला याहून धाडसी पाऊल फार थोडे माहीत आहे. थॉमसने कानउघाडणी प्रेमाच्या खात्यात टाकून ती सर्वांसाठी खुली केली होती, पण ऐकणाऱ्याने का ऐकावे याचा त्याने फारसा विचार केला नव्हता. ऑकमने ती जबाबदारी सांगणाऱ्यावर टाकली. शिक्षा देणारी सुधारणा अधिकाऱ्याची, हे तो मान्य करतो. पण पटवून देणारी सुधारणा कोणाचीही असू शकते, आणि शिक्षेआधी ती झालीच पाहिजे. पोपशी भांडताना सुचलेली ही गोष्ट सामान्य संशयिताचेही रक्षण करते, हे फार मोलाचे आहे. विरोधकाला चीत करण्यासाठी उचललेले तत्त्व त्याने दुबळ्यालाही लागू केले.

इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफने वेगळी वाट धरली. पोपसुद्धा हाताखालच्यांकडून आणि गृहस्थांकडून सुधारला जाऊ शकतो, त्याच्यावर आरोपही करता येतो, हे त्याचे विधान अकराव्या ग्रेगरीने 1377 साली निषिद्ध ठरवलेल्या विधानांत होते. विधानाचा पहिला अर्धा भाग थॉमसच्या चौथ्या उपप्रश्नातून थेट निघतो. पण विक्लिफच्या मनात सुधारणा म्हणजे राजांनी आणि सरदारांनी भ्रष्ट पाद्र्यांची मालमत्ता काढून घेणे, हेही होते. भावाच्या बोलण्यात त्याने सरदाराचा हात मिसळला, आणि माझ्या मते तिथे त्याची बाजू लंगडी पडली. त्याचा परिणाम त्याच्या मागून आलेल्यांना भोगावा लागला. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस अरुंडेल याने 1409 साली जारी केलेल्या नियमांत प्रवचनकारांना बजावले की पाद्र्यांचे दोष पाद्र्यांपुढेच सांगा आणि गृहस्थांचे गृहस्थांपुढे.

याच अरुंडेलच्या लॅम्बेथच्या वाड्यात एकदा लिन गावची मार्जरी केम्प आपल्या नवऱ्यासह गेली होती. दिवाणखान्यात आर्चबिशपचे कारकून आणि नोकर वाटेल तशा शपथा घेत होते. चौदा मुलांची ही आई त्यांना तिथल्या तिथे बोलली. एका फरच्या अंगरख्यातल्या बाईने तिला शिव्या घातल्या, तुला स्मिथफिल्डला जाळावे, लाकडे मी आणते, असे सुनावले. संध्याकाळी बागेत आर्चबिशपची गाठ पडली तेव्हा मार्जरीने त्यालाही सोडले नाही. या माणसांना आवरले नाहीत तर जाब तुम्हाला द्यावा लागेल, असे ती म्हणाली. पाखंड्यांना जाळणाऱ्या कायद्याचा पुरस्कर्ता अरुंडेल ते शांतपणे ऐकत राहिला, आणि दोघांचे बोलणे आकाशात चांदण्या दिसेपर्यंत चालले. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपपुढे तिची झडती झाली. बाईने प्रवचन करणे निषिद्ध, असे तिला दाखवण्यात आले, तेव्हा तिने उत्तर दिले की आपण कधी व्यासपीठावर चढत नाही, फक्त लोकांशी बोलतो, चार चांगले शब्द सांगतो. निरक्षर समजली जाणारी ही बाई त्या वेळी थॉमसची रेघ अचूक ओळखून तिच्या आतल्या बाजूला उभी होती. तिच्यावर आरोप होता की तिने पाद्र्यांविरुद्ध गोष्ट सांगितली. ती गोष्ट आर्चबिशपनेच पुन्हा सांगायला लावली: फुललेल्या पेअरच्या झाडाचा मोहोर खाऊन टाकणारे आणि त्याची घाण करणारे अस्वल, आणि ते पाहून अस्वस्थ झालेला एक पाद्री, ज्याला शेवटी कळते की अस्वल म्हणजे आपणच. आर्चबिशपला गोष्ट आवडली. जवळ उभा असलेला एक पाद्री मात्र ती काळजाला लागल्याचे म्हणाला.

तोवर युरोपात 1378 पासून दोन, आणि 1409 नंतर तीन पोप झाले होते. कोण कोणाची कानउघाडणी करणार? पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जाँ जेर्सों आणि त्याचे सहकारी पुन्हा मत्तयाकडे वळले. पोप हाही भाऊच. तो ऐकत नसेल तर ‘मंडळीला सांग’. आणि ती मंडळी म्हणजे सर्व ख्रिस्ती जगताची परिषद. 6 एप्रिल 1415 रोजी कॉन्स्टन्सच्या परिषदेने जाहीर केले की श्रद्धा, फूट आणि सुधारणा या बाबतींत पोपलाही आपली आज्ञा मानावी लागेल. त्या तीन पोपांपैकी वेषांतर करून पळालेल्या तेविसाव्या जॉनला तिने 29 मे रोजी पदच्युत केले. भावाच्या कानउघाडणीचा धागा पदाच्या सर्वोच्च टोकापर्यंत जाऊन पोचला होता.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 6 जुलै रोजी, त्याच परिषदेने प्राहाच्या यान हुस या पुरोहिताला जाळले. जूनमधल्या त्याच्या सुनावण्या फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात झाल्या. हुसचे म्हणणे सुरुवातीपासून एकच होते: माझी चूक पवित्र शास्त्रातून दाखवा, मी नम्रपणे मागे घेतो, पण जी मते माझी नव्हतीच ती मागे घेतो असे म्हणून मी खोटी शपथ कशी घेऊ? परिषदेचे म्हणणे असे की तुझ्या विधानांचा निर्णय पंडितांनी केला आहे, तू शरण ये. सुनावणीत पुढाकार घेणारा कार्डिनल पिएर दायी याने ऑकमच्या डायलोगसचा संक्षेप स्वतःच्या हाताने लिहिला होता. चूक दाखवणे म्हणजे काय, ही चर्चा त्याच्या डोळ्यांखालून ओळन्‌ओळ गेली होती. हुसची मते ऑकमलाही पाखंडच वाटली असती, हे शक्य आहे. पण ऑकमच्या कसोटीवर ही सुनावणी टिकत नाही. पोपपुढे ज्यांनी पटवून देण्याचा हक्क मागितला, त्यांच्या स्वतःच्या हाती पद आल्यावर समोरच्या पुरोहिताला तो हक्क मिळाला नाही. हे मला माफ करता येत नाही, आणि या पुस्तकातल्या लेखांनीही त्यावर पांघरूण घातलेले नाही.

मराठी वाचकाला हा इतिहास दूरचा वाटू शकतो, पण त्याचा एक फाटा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. थॉमसच्या सातव्या उपप्रश्नात एक अपवाद आहे: शहर शत्रूला विकायचा कट किंवा छुपेपणाने पसरवलेले पाखंड अशी, इतरांना बाधणारी पापे असतील तर आधी एकांतात बोलण्याची अट राहत नाही, थेट वर कळवावे; अपवादालाही अपवाद एवढाच, की खाजगीत बोलून अनर्थ टळेल अशी खात्री असेल तर तसे करावे. 1560 साली गोव्यात आलेल्या धर्मन्यायासनाने, म्हणजे इन्क्विझिशनने, शेजाऱ्याबद्दल माहीत असेल ते अधिकाऱ्यांना येऊन सांगा असे लोकांना फर्मावले, तेव्हा हा अपवाद नियम झालेला होता आणि त्याच्या पोटातली ती छोटी सवलत कोणाच्या ध्यानात उरली नव्हती.

पुढील लेख कालानुक्रमे लावले आहेत, पण मी वाचकाला वेगळा क्रम सुचवेन. आधी थॉमसच्या चौथ्या आणि सातव्या उपप्रश्नांवरचे दोन लेख एकापाठोपाठ वाचावेत, मग ऑकमवरचा लेख, आणि मग हुसच्या सुनावणीचा. बहिष्काराच्या कायद्यावरचे प्रकरण किचकट आहे. ते सर्वांत शेवटी वाचले तरी चालेल, मात्र त्यातला 1418 चा, पाचव्या मार्टिनच्या काळातला भाग सोडू नये. ज्याच्या बहिष्काराची नाव घेऊन जाहीर घोषणा झालेली नाही, किंवा ज्याने पुरोहितावर उघड हात टाकलेला नाही, त्याच्याशी बोलल्याने, व्यवहार केल्याने आपण बाटत नाही, असे तेव्हा ठरले. ज्यांना आपला शेजारी बहिष्कृत आहे की नाही हेच धड कळत नव्हते, अशा साध्या माणसांना त्या निर्णयाने पुन्हा एकमेकांच्या दारात उभे राहता आले.